मुलतानी मातीखालचे फूल

मित्रांनो, मी एक जुना संगमरवरी दगड आहे आणि आज माझ्या छातीत नुसती धडधड चालली आहे! दगडाला कसली छाती, असे म्हणू नका. माझ्या तोंडावर मुलतानी मातीचा जाड लेप आहे. तो वाळून तडकू लागला आहे आणि आता उतरणार आहे. खालून माझ्यावर कोरलेले फूल पांढरे निघाले, तर मी इथेच राहीन. काळेच निघाले, तर मला उपटून माझ्या जागी नवा दगड बसवतील. तसा हुकूमच आहे.

मी राजस्थानातल्या मकराण्याच्या खाणीतला. बैलगाडीने आग्र्याला आलो. एका कारागिराने माझ्या अंगावर फूल कोरले आणि त्याच्या पाकळ्यांच्या कडा इतक्या पातळ केल्या की सकाळचे ऊन त्यांत झिरपून गुलाबी होई. यमुनेकाठच्या या लहानशा मकबऱ्याच्या दारापाशी मला बसवले. पहाटे मी करडा असे, दुपारी डोळे दिपवी, चांदण्यात निळसर होऊन जाई. उजेडाचे प्रत्येक वय मी अंगावर घेतले.

पण माझा खरा तोरा निराळाच होता. मागच्या गल्लीत लग्न निघाले, मग ते घर देवळात जाणारे असो वा मशिदीत, नवरीचे उटणे कालवले की त्याचे पहिले बोट माझ्या फुलाला लागे आणि मग नवरीच्या गालाला. बेसन, हळद, मोहरीचे तेल! नवऱ्या माझ्यासारख्या उजळाव्यात म्हणून उटण्याच्या कितीतरी वाट्या इथे आल्या. मी मनोमन फुलून जाई.

मग हवा बदलली. गल्लीत पेठ्याच्या, म्हणजे कोहळ्याच्या मिठाईच्या, भट्ट्या वाढल्या, रस्त्यावर मोटारी वाढल्या. कोळशाचा धूर दवात मिसळून माझ्या कातडीला डसू लागला. ती भुसभुशीत झाली, तिच्यात काजळी रुतली, आणि कुठेकुठे तिचे पापुद्रे सुटले. बाकीचे दगड नुसते पिवळे पडले. मी मात्र फुलापाशी काळाठिक्कर झालो. का ते मला कळेना.

ते नुज़हतआपाने ओळखले. जुन्या इमारतींची डागडुजी करणारी ही बाई जिभेने तिखट आणि हाताने मऊ. फुलावरून कापूस फिरवून तिने तो हुंगला आणि म्हणाली, "अरे देवा, हे तर मोहरीचं तेल! लाड करून करून मारलंत की याला. तेलावर काजळी अशी बसते, जशी गुळावर माशी." नवा दगड बसवायला निघालेल्या साहेबांकडून तिने एक लेप लावून पाहण्याची मुभा मागून घेतली. तोच हा लेप.

आज सकाळी ती बादली आणि मऊ कुंचला घेऊन आली. तेवढ्यात गल्लीतून चंद्रभान हलवाई आला. त्याच्या मुलीचे, विमलेशचे, आज उटणे. मागून त्याची म्हातारी आत्या, रामप्यारी बुआ, उटण्याची वाटी सांभाळत आली.

"आपा, आटपा लवकर. पोरगी पाटावर बसलीये."

"लालाजी, तुमच्या भट्टीनं इतकी वर्षं घेतली, मला घटकाभर तरी द्या."

"माझीच भट्टी दिसते तुम्हाला! त्या मोटारी काय अत्तर शिंपडत जातात?"

"त्यांनाही सोडत नाही मी. पण तुमचं धुराडं याच्या थेट तोंडावर आहे."

"चंदर, भांडू नकोस," बुआ म्हणाली, "नाहीतर तुलाच लेप लावतील. तुला गरजही आहे."

आपा खळखळून हसली आणि तिने पाणी सोडले. मित्रांनो, तो गारवा! माती ढेकळांनी सुटली, ओघळाओघळाने काळे पाणी वाहिले, मग पिवळे, मग नितळ. मी श्वास रोखला. आणि ऊन माझ्या पाकळीत शिरले. शिरले! कितीतरी काळाने ते आत आले, आणि फूल गुलाबी झाले.

 एका पाकळीची कड मात्र झडून गेली होती. माती मळ ओढते, गेलेली कातडी परत आणत नाही.

"राहिला हा," आपा पुटपुटली. "आता कोण हलवतो बघते."

चंद्रभान पुढे आला. भान हरपून त्याने फुलावर बोट ठेवले. बोट उचलले, आणि पांढऱ्या पाकळीवर काळा ठसा उमटला होता. पहाटे भट्टीत कोळसा घालून तो तसाच निघाला होता.

तो ठशाकडे पाहत राहिला. मग आपल्या हाताकडे.

आपाने ओला कापूस पुढे केला. त्याने स्वतःच्या हाताने, तान्ह्या पोराचे तोंड पुसावे तसा, तो ठसा पुसून काढला.

"लग्न पार पडू दे, मग गॅसची भट्टी घेतो," तो म्हणाला.

"मग कशाला? लग्नाचा पेठाच गॅसवर होऊ दे," बुआ म्हणाली. "पांढरा तरी निघेल." आणि सवयीने तिने उटण्याचे बोट माझ्याकडे नेले. ते माझ्यापाशी येऊन थबकले. तेल! म्हातारी वळली आणि ते बोट तिने नुज़हतआपाच्या गालावर ओढले.

"अहो बुआ! मला का?"

"फुलाचं लेणं फुलाच्या आईला. चल, नवरी वाट बघतेय."

ते सगळे हसत गल्लीत गेले. दुपारी माझ्या तोंडावर धूर आला नाही. भिंतीपलीकडून फक्त ढोलकी आली. मोटारी आहेतच, उद्याही असतील. तरी आज मी उजेडाने काठोकाठ भरलो आहे!

मित्रांनो, मला हात लावू नका, असे मी कसे म्हणू? तुमच्याच हातांनी मी घडलो. एवढेच मागतो: लावण्याआधी एकदा आपल्या हाताकडे बघा.