सात सह्यांचा राजीनामा

मयुरी भोयरने राजीनामा लिहिला तो अवघ्या चार ओळींचा. "घरगुती कारणास्तव" असं तिने आधी लिहिलं, मग खोडलं, मग पुन्हा तेच लिहिलं. फोन टुंग वाजला की छातीत धडधडतं आणि हाताला घाम सुटतो, हे कारण कोणी राजीनाम्यात लिहीत नाही. लिहिलं तरी ते कोणत्या रजिस्टरला नोंदवायचं हा प्रश्न उरतोच.

ब्रह्मपुरीच्या वैनतीर फार्मसी कॉलेजात ती नऊ वर्षांपूर्वी कारकून म्हणून लागली होती. मग माणसं एकेक करून सोडून गेली. आयशा मॅडम लग्न होऊन वरोऱ्याला गेल्या, तेव्हा ग्रंथालय मयुरीकडे आलं. स्टोअरकीपरला रेल्वेत नोकरी लागली आणि स्टोअर मयुरीकडे आलं. परीक्षा विभागाचे सर एका दुपारी जेवायला गेले ते आलेच नाहीत, त्यामुळे परीक्षाही तिच्याकडे. दर वेळी संस्थेचे अध्यक्ष गुणवंतराव म्हणत, "तात्पुरतं आहे मॅडम, माणूस पाहूनच राह्यलो." ते पाहत राहिले आणि मयुरीकडे आस्थापना, मुलींचं वसतिगृह आणि शेवटी तक्रार निवारण कक्षही आला. तक्रारपेटीची किल्ली तिच्याच पर्समध्ये असायची. पेटीत तीन वर्षांत एकही तक्रार पडली नव्हती आणि याचा तिला मनातून थोडा अभिमानही होता.

गुणवंतराव पहाटे पाचला उठत. पाच वाजून दोन मिनिटांनी ते स्टाफच्या ग्रुपवर फुलांचं चित्र टाकत आणि पाच वाजून चार मिनिटांनी कामं टाकत. "मॅडम बघून घ्या" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मॅडम बघून घेत. दात घासताना, भाजी फोडणीला टाकताना, एकदा तर चुलतभावाच्या लग्नात अक्षता हातात धरून तिने बघून घेतलं होतं.

गेल्या उन्हाळ्यापासून तिचे हात थरथरायला लागले. जेवण जाईना. शेवटी सासू शकुबाईंनीच तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी बीपी पाहिलं, शुगर पाहिली आणि म्हणाले, "सगळं बरोबर आहे. ताण आहे. सकाळी मोकळ्या हवेत तासभर चालत जा."

"आमच्या कॉलनीमागं वनखात्यानं बोर्ड लावला आहे, डॉक्टर. उजाडेपर्यंत फिरू नका म्हणून. मागच्या महिन्यात वाघ दिसला तिथी," मयुरी म्हणाली.

"मग नऊ वाजता जा."

"साडेनऊला कॉलेजात हजेरीचा थंब असतो."

डॉक्टरांनी जरा विचार केला. "मग गच्चीवर चाला," असं म्हणून त्यांनी चिठ्ठीवर दोन गोळ्या लिहिल्या.

घरी येताना शकुबाई म्हणाल्या, "गोळ्या खाऊन नोकरी करण्यापेक्षा नोकरी सोडून जेवत काऊन नाई वं तू? माह्या प्रफुलचं दुकान चालते ना चांगलं."

मयुरीला हे वाक्य इतकं सोपं वाटलं, की तिला आधी रागच आला. मग रडू आलं. त्याच आठवड्यात तिने राजीनामा लिहिला.

गुणवंतरावांनी तो वाचून परत तिच्याकडे सरकवला.

"राजीनामा द्या, मी कुठी नाई म्हणतो? पण नियमानं द्या. कार्यमुक्तीचा फॉर्म भरा. सात विभागांच्या सह्या पाह्यजे. नियम तुमचाच आहे मॅडम."

नियम खरंच तिचाच होता. तीन वर्षांपूर्वी तपासणी कमिटी येणार म्हणून तिने दोन रात्री जागून कार्यमुक्तीची नियमावली टाइप केली होती. सोडून जाणाऱ्याकडे विभागाची एकही वस्तू बाकी नाही, असं सात प्रमुखांनी सही करून द्यायचं. सातवी सही अध्यक्षांची. उरलेल्या सहा विभागांच्या प्रमुख आता कोण, हे तिला टेबलावर फॉर्म पसरल्यावर लक्षात आलं.

दुसऱ्या कोणी हसून सहा सह्या ठोकल्या असत्या. पण मयुरीचा स्वभाव आणि तिचा आजार, दोघांनाही हे मानवणारं नव्हतं. उद्या कमिटी आली तर? कोणी विचारलं तर? ती ग्रंथालयात गेली, ग्रंथपालाच्या खुर्चीत बसली आणि स्वतःचं खातं उघडलं. एक जाडजूड संदर्भग्रंथ तिच्या नावावर निघाला. तो दोन वर्षं तिच्या कॉम्प्युटरखाली उंचीसाठी ठेवलेला होता. तिने तो काढून जमा केला. कॉम्प्युटर बुटका झाला, पण एक सही मिळाली.

स्टोअरमध्ये मात्र गाडी अडली. नोंदवहीत अॅल्युमिनियमची एक शिडी होती आणि प्रत्यक्षात नव्हती. स्टोअरच्या प्रमुखाने अशा वेळी संबंधितांना नोटीस द्यायची असते. मयुरीने दिली. "तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा योग्य ती कारवाई करण्यात येईल." खाली सही केली आणि घंटी दाबली.

शिपाई वारलूभाऊ आला. हा साठीला टेकलेला माणूस, कॉलेजची पहिली वीट पडली तेव्हापासूनचा.

"हे कोणाले द्यायचं जी, मॅडम?"

"मले."

"मंग पोच कोणाची घेऊ?"

"माझीच."

वारलूभाऊने नोटीस जावक रजिस्टरला चढवली, दारापर्यंत नेली, वळून परत आणली आणि अदबीनं तिच्यापुढे ठेवली. तिने ती वाचली. वाचताना तिच्या छातीत खरोखर धडधडलं.

शिडी दोन वर्षांपूर्वी मंडपासाठी एका गणपती मंडळाने नेली होती. ती शोधून परत आणायला नऊ दिवस लागले, कारण मधल्या काळात हातोहात फिरत तिच्यावर चढून तीन मंडळांनी लाइटिंग केलं होतं. नोटिशीचा खुलासा मयुरीने दोन पानी लिहिला आणि स्टोअर-प्रमुख म्हणून तो असमाधानकारक ठरवून समज देऊन प्रकरण मिटवलं.

ही फाइल गुणवंतरावांनी पाहिली आणि त्यांचे डोळे भरून आले. "अशी शिस्त! अन् तुम्ही चालल्या सोडून? काय त्रास आहे तुम्हाले, खरं सांगा."

तिने खरं सांगितलं. धडधड, घाम, डॉक्टर, गोळ्या. गुणवंतरावांनी मन लावून ऐकलं आणि टेबलावर थाप मारली.

"म्हंजे स्टाफले टेन्शन आहे! यावर आपण शिबिर घेऊ. तणावमुक्ती शिबिर. नागपूरवरून वक्ता बोलवू. मॅडम, तुम्ही बघून घ्या."

अशा रीतीने ताणामुळे नोकरी सोडणाऱ्या मयुरीकडे तणावमुक्तीचं काम आलं. बॅनर, पाहुण्यांचा शाल-नारळ, पंचवीस चहा, माइक, मोबाइलवर फोटो, प्रत्येक फोटोत बॅनर दिसला पाहिजे ही सूचना. शिबिराच्या आदल्या दिवशी तिने दोन्ही गोळ्या एकदम घेतल्या.

शनिवारी वक्ते दीड तास उशिरा आले. रस्त्यात वाघ पाहायला गर्दी जमली होती आणि वक्त्यांनाही तो पाहायचा होता. तेरा जणांचा स्टाफ हॉलमध्ये घामाघूम बसला होता. वक्त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. "आता फक्त श्वासाकडे लक्ष द्या," ते म्हणाले, आणि हॉलमध्ये तेरा फोन एकदम टुंग वाजले. पहिल्या रांगेत बसलेल्या गुणवंतरावांनी ग्रुपवर लिहिलं होतं, "सर्वांनी डोळे मिटलेला फोटो पाठवा." तेरा जणांनी डोळे उघडून डोळे मिटलेले फोटो काढले.

मग वक्त्यांनी कोरे कागद वाटले. "तुम्हाला कशाचा सगळ्यात जास्त ताण येतो ते लिहा. नाव टाकू नका. नंतर आपण हे कागद जाळू."

लोकांनी लिहिलं. मयुरीनेही एका ओळीत लिहिलं आणि कागदाची घडी केली. कागद जमा झाल्यावर वक्ते काडेपेटी शोधू लागले, तेव्हा गुणवंतराव उठून उभे राहिले.

"जाळायचे कायले? आपल्या इथी काही लपवाछपवी नाई. मॅडम, माइक घ्या अन् वाचा. सगळ्यांसमोर. मोकळेपणा पाह्यजे."

वक्ते म्हणाले, "तसं नसतं करायचं," पण माइक मयुरीच्या हातात होता आणि अध्यक्षांचं ऐकायची सवय नऊ वर्षांची होती. तिने पहिला कागद उघडला.

"पहाटे पाचचे मेसेज."

गुणवंतराव हसले. "कामाची माणसं लवकरच उठतात. पुढं."

"पहाटेचे मेसेज." हा दुसरा. तिसरा तिचा स्वतःचा, त्यातही तेच. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून तिने डाव्या हातानं लिहिलं होतं. चौथा, पाचवा कागदही तसलाच. गुणवंतरावांचं हसू आक्रसत चाललं. मयुरीला मात्र एक नवल वाटलं, की तिचा हात थरथरत नाहीये. तिने सहावा कागद उघडला.

"मयुरी मॅडमच्या नोटिसा."

ती थांबली. सगळे खाली पाहत होते.

"वाचा, वाचा," गुणवंतराव म्हणाले. त्यांच्या आवाजात पुन्हा जीव आला होता.

"तीन मिनिटं उशीर झाला तर लेखी खुलासा. मुलगा दवाखान्यात होता." सातवा. "भोयर मॅडम लाल पेनानं सही करतात." आठवा. "तक्रार करायची तर मॅडमबद्दलच आहे, पण पेटीची किल्ली मॅडमकडे आहे." नववा. दहावा, अकरावा, बारावा कागदही तिच्यावरच निघाला. तिचा आवाज बारीक होत गेला, पण तिने एकही शब्द गाळला नाही. शेवटच्या कागदावर मोठी मोठी, एकमेकांपासून लांब पडलेली अक्षरं होती. जेमतेम लिहिता येणाऱ्या माणसाने कष्टाने काढलेली.

"मले टेन्शन नाई. पण मॅडमची घंटी वाजली का पोटात गोळा येते."

मयुरीने माइक खाली ठेवला. दाराशी उभा असलेला वारलूभाऊ चहाचे कप मोजू लागला.

गुणवंतरावांनी कागदांचे दोन गठ्ठे केले. एका गठ्ठ्यात पाच, दुसऱ्यात आठ. पाचांचा गठ्ठा त्यांनी घडी करून खिशात टाकला. आठांचा उंच धरला.

"पाहा! शिबिर यशस्वी झालं. तणावाचं कारण सापडलं. मॅडमनं नऊ वर्षं मेहनत केली, त्याबद्दल आभार. पण स्टाफचं आरोग्य महत्त्वाचं. मॅडमले आजच कार्यमुक्त करण्यात येत आहे."

त्यांनी फॉर्म मागवला आणि ज्या सह्यांसाठी मयुरी तीन आठवडे स्वतःशी पत्रव्यवहार करत होती त्या सगळ्या जागांवरून एकच तिरपी रेघ ओढून खाली सही केली. वक्त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. फोटो निघाला. बॅनर त्यात नीट आला.

मयुरी सायकल स्टँडजवळ वारलूभाऊची वाट पाहत उभी राहिली. आपला वापर झाला, हे तिला कळत होतं. आठ कागद खरे आहेत, हेही कळत होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी गिळणं जड जात होतं.

"वारलूभाऊ, तुम्ही मले कधी सांगतलं काऊन नाई?"

"कसं सांगू जी? तुमीच तं भेलेल्या दिसत होत्या. भेलेल्या माणसाले काय सांगाव?"

"माझं चुकलं."

"जाऊ द्या," तो म्हणाला. मग सायकलचं कुलूप उघडता उघडता थोडा घुटमळला. "पण ते घंटी लय जोरात दाबत होत्या तुमी. एकदाच दाबली तरी आयकू येते मले."

ती हसली आणि तिथेच, स्टँडच्या पत्र्याखाली, तिला हमसून रडू आलं. वारलूभाऊ तोंड दुसरीकडे करून उभा राहिला, तिचं रडणं संपेपर्यंत हलला नाही.

पुढचे पंधरा दिवस ती सावली गावाजवळच्या माहेरी जाऊन राहिली. दुपारी झोपायची. पहिल्या आठवड्यात जागेपणी न वाजलेला फोन वाजल्यासारखं व्हायचं, दुसऱ्या आठवड्यात ते कमी झालं. धान कापणीला आलं तेव्हा तिला पोटभर भूक लागायला लागली होती. आईने भाकरी वाढता वाढता "आता किती खाशील वं" म्हटलं, तेव्हा तिला फार बरं वाटलं.

दिवाळीनंतर ब्रह्मपुरीला परत आल्यावर देवराव नावाच्या माणसाच्या बियाण्यांच्या दुकानात तिला काम मिळालं. सकाळी दहा ते पाच, एक टेबल, हाताखाली सोमारी नावाची नुकतीच बारावी झालेली मुलगी. देवरावांनी एवढंच विचारलं, "पहिली नोकरी काऊन सोडली?"

"तिथी मी भेत होती," मयुरी म्हणाली, "अन् लोक मले भेत होते."

"इथी गिऱ्हाइकं कोणालेच भेत नाईत," देवराव म्हणाले, आणि तिला सोमवारपासून यायला सांगितलं.

सोमवारी दुपारी सोमारीने दोन जातींच्या धानाच्या पिशव्या एकमेकींच्या बिलात लिहिल्या. मयुरीला ते दिसलं. तिने मोठा श्वास घेतला. आपण ओरडायचं नाही, लिहून तर काहीच द्यायचं नाही, फक्त जवळ जाऊन नीट समजावून सांगायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं, चेहऱ्यावर हसू आणलं आणि खुर्चीतून उठली.

मॅडम उठल्या हे पाहून सोमारीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मयुरी हळूच पुन्हा खाली बसली. "चहा पितं का, सोमारी?" तिने तिथूनच विचारलं.