सेथ कोळसेवाल्याचा खोकला

क्लिफर्ड एन्टविसलचा चेहरा साऱ्या इंग्लंडच्या ओळखीचा, नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही. पडद्यावर कधी हवालदार, कधी बटलर, कधी खाटीक. दार उघडायचं, एक वाक्य टाकायचं, दार लावून घ्यायचं. बसमध्ये बायका विचारत, "तुम्ही आमच्या पोस्टात होतात ना हो?" तो मान डोलवी. साठीला टेकल्यावर नशीब हललं. मँचेस्टरच्या स्टुडिओत एका गल्लीची टीव्ही मालिका बनायची, आठवड्याच्या आठवड्याला, काळ्या-पांढऱ्या पडद्यावर. तिच्यात तो सेथ कोळसेवाला झाला. पुढच्या आठवड्याचं काम या आठवड्यात ठाऊक असणं, हे सुख त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं.

पण नटाचा जीव, एका वाक्याच्या जागेत किती मावणार? चर्चच्या गार हॉलमध्ये तालीम चालली होती. जमिनीवर चिकटपट्ट्यांनी आखलेल्या खोट्या पबमध्ये शिरताना क्लिफर्डने वाक्याआधी एक खोकला घातला. खोल, छातीतला, कोळशाच्या धुळीचा. दिग्दर्शक हसला, "ठेव रे तो." चित्रीकरणाला कॅमेरा पहिल्यांदाच त्याच्या तोंडाजवळ आला.

पबवालीचं काम करणारी डोरीन चहाच्या कपावरून त्याच्याकडे बघत राहिली.

"मेल्या, काय करून बसलास?"

"काय केलं? जरा रंग भरला."

"आपल्या गल्लीत कुणी उगाच खोकत नाही, क्लिफ. लिहिणाऱ्यांचे कान उभे राहतात. ती फुलवाली आठव. आधी खोकली, मग रुमाल आला, मग डॉक्टर."

"आणि मग?"

"मग आम्ही काळे कपडे घातले, दुसरं काय!"

क्लिफर्ड हसला खरा. पण पुढच्या भागात खोकला लिहूनच आला, त्याच्या पुढच्यात रुमाल. लोक गोळ्यांचे डबे पाठवू लागले, विणलेले मफलर पाठवू लागले. वाण्याकडे बाया त्याच्या बायकोचा, एड्नाचा, हात धरून विचारू लागल्या, "कसे आहेत गं आता?" ज्याला जन्मात कुणी हाक मारली नव्हती, त्याला भेटायला लोक रस्ता ओलांडून येत. आणि जवळ आले की आवाज हळू करत.

मग मालिकेत डॉक्टर आला. त्याच दुपारी क्लिफर्ड निर्माते हॅलम यांच्या दारात उभा राहिला.

"साहेब, सेथला बरा करा हो. तो गेला तर मला दुसरं काम कोण देणार? जाईन तिथे मेलेला कोळसेवालाच दिसेन मी."

"अहो, रडतायत लोक तुमच्यासाठी! नाताळच्या भागात जाईल सेथ. अख्खा देश बघेल. आणखी काय हवं नटाला?"

जिन्यावरून उतरताना क्लिफर्डने ठरवलं, आता खोकायचंच नाही. चित्रीकरण एका दमात व्हायचं. थांबवणं परवडत नसे, म्हणून झालेली चूकही तशीच पडद्यावर जायची. त्या शुक्रवारी सेथ पबमध्ये शिरला तो छाती काढून. रुमाल खिशातच. वाक्य खणखणीत टाकलं, खोकल्याच्या जागी गडगडून हसला, आणि डोरीनचा हात धरून तिला एक गिरकीही दिली. बघा, त्याचं अंग अंग म्हणत होतं, माणूस किती धडधाकट आहे, बघा!

कुणी हसलं नाही. डोरीनचे डोळे भरून आले, आणि ते काही लिहिलेलं नव्हतं. दिवे मालवले तसा दिग्दर्शक वरच्या काचेच्या खोलीतून धावत खाली आला.

"क्लिफ, कुठून सुचतं रे तुला! माझे वडील गेले ना, आदल्या दिवशी असेच उठून नाचले होते. अगदी असेच."

"पण मी तर..."

हॅलम मागेच उभे होते. "नाताळपर्यंत ताणलं तर हे सगळं वाया जाईल," ते म्हणाले. "पुढच्याच आठवड्यात उरकू."

तेवढ्यात सामानघराचा माणूस कानामागे पेन्सिल खोचून, टेप उलगडत आला. शिंप्यापुढे उभं राहण्याची सवय जुनी. क्लिफर्डचे दोन्ही हात आपोआप वर गेले.

"वर नको, साहेब," तो माणूस अगदी मायेने म्हणाला. "अंगाशी घ्या. शवपेटीत ठेवतात तसे."