सहीचा धनी

डॉक्टर गिरिधर भुसारी यांच्यापेक्षा त्यांची सही जास्त कामसू होती. डॉक्टर काटोलला संत्र्याच्या बागेत हिंडत असले, तरी सही रामदासपेठेतल्या त्यांच्या लॅबमध्ये हजर असे आणि प्रत्येक रिपोर्टखाली जाऊन बसे.

ही सोय लॅबचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या दामिनीने जुळवली होती. तपासणीच्या मशीनवरचे आकडे तिच्या कोडमध्ये येत, तिथून रिपोर्ट बनवणाऱ्या ऑनलाइन सेवेकडे जात. ती सेवा ठरलेल्या नमुन्यात आकडे भरी, खाली सहीचा फोटो लावी, की पीडीएफ थेट पेशंटच्या मोबाइलवर. कोडमध्ये दामिनीने एकच अडसर ठेवला होता: आकडा भलताच दिसला, तर डॉक्टरांनी उघडून बटण दाबेपर्यंत रिपोर्ट हलायचा नाही. त्यापायी डॉक्टरांना बागेत फोन जाऊ लागले. दामिनी रजेवर गेली तेव्हा त्यांनी मॅनेजर जितेंद्रकडून तो अडसर काढून घेतला. तिला सांगायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही. सोयीचं विसरण्यात माणूस कधी चुकत नाही.

तिला ते आज कळलं, काउंटरवर भांडायला आलेल्या रुपरावांच्या तोंडून.

"माह्या बायकोचं पोटॅशियम आठ लिहलं तुमी! दवाखान्यात ते पाहून तिले रातोरात आयसीयूत टाकलं. मनकर्णा पोरायसंग निरोपाचं बोलून राहिली होती. अन् सकाळी दुसरीकडं तपासलं, त सगळं बरोबर!"

दामिनीने फ्रिजमधून मनकर्णाबाईंची नळी काढली. रक्त नळीतच खराब झालं होतं; अशा रक्तात पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. उजेडात धरताच दिसत होतं. पण धरलं कुणी होतं?

डॉक्टर नेमके आज आले होते. "कॉम्प्युटरची चूक आहे हो," म्हणत त्यांनी दामिनीकडे हात केला. "ही पोरगी पाहते ते सगळं."

"कॉम्प्युटरचं नाव गिरिधर हाय काय?" रुपरावांनी मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. "मंग हे सही कोनाची?"

दामिनीने जितेंद्रकडे पाहिलं. "सरांनीच काढायला लावला अडसर," तो पुटपुटला. वाहवा डॉक्टरांची, हुकूम डॉक्टरांचा, दोष तेवढा तिचा. वाटणी चोख होती! तिने लॅपटॉप ओढला, नमुन्यातला सहीचा फोटो काढला आणि अडसर परत लावला. आता प्रत्येक रिपोर्टला. बटण दाबलं तरच सही.

"काय करून राहिली तू?" डॉक्टर ओरडले.

"तुमची सही तुमच्या हवाली करते, सर."

"लोकं बोंबलतील ना रिपोर्टसाठी!"

"तुम्ही इथंच आहात. वाचा अन् पाठवा."

"नोकरी नको झाली काय तुले?"

"काढा मला. पण अडसर पुन्हा काढलात, तर यांच्यासोबत तक्रार द्यायला मी जाईन. आधी कुणी काढायला लावला होता, तेही सांगीन."

जितेंद्रला अचानक प्रिंटरमध्ये कागद भरायची आठवण झाली.

रुपरावांनी खुर्ची ओढली आणि डॉक्टरांच्या पुढ्यात बसले. "वाचा, डॉक्टरसाहेब. मले काही घाई नाही."

डॉक्टरांनी चष्मा चढवला आणि पहिला रिपोर्ट उघडला.