सहाव्या बोगद्याचे दगड

राडोयने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा उचलली आणि म्हणाला,

"बाई, उद्याचं ते भाषण वाचू नका."

"मी काय वाचणार ते तुला कुणी सांगितलं?"

"गावात काही लपतं का? माफी मागणार म्हणे तुम्ही."

रोदोपीच्या या डोंगरात खाणीतला दगड भिंगाखाली पाहून शिसं सुटायला तो किती बारीक दळायचा हे सांगणाऱ्या या नेदा पालाझोवा बाई पहिल्या. त्याआधी सगळा अंदाजपंचे कारभार. पाच बोगद्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द खरा ठरला. सहाव्याला मात्र दाणा मोठा दिसला म्हणून त्यांनी जाडं दळण पुरेल असं लिहून दिलं, त्या बेताने नवी गिरणी उभी राहिली आणि निम्मं शिसं गाळाबरोबर वाया गेलं. चार वर्षांत गिरणी बंद पडली, अर्धं गाव पोटापाठी पांगलं. नेदाबाईंनी भिंग कपाटात ठेवलं ते कायमचंच. त्याला तीस वर्षं झाली होती. उद्याच्या समारंभात उरलेलं गाव खाणीच्या संग्रहालयाला त्यांचं नाव देणार होतं.

"चूक तुमची नव्हतीच," राडोय खाली बघत म्हणाला. "नमुने मी काढायचो. दर दोन मीटरला हाताला येईल तो दगड पिशवीत टाकायचा, हा तुमचा नियम. पण आम्ही चमकदार, मोठ्या दाण्याचेच निवडले. बाईंकडे करडा भुगा कसला पाठवायचा? पाहुण्यापुढे कुणी किडकी सफरचंदं ठेवतं का?"

नेदाबाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला.

"म्हणजे मला दिसलं ते बरोबर होतं."

"अगदी बरोबर."

"आणि तू गप्प बसलास."

"आधी नोकरीची भीती. मग तुमची. पुढे तर तुम्ही दिसलात की मी रस्ताच बदलायचो."

"मला वाटायचं, तू माझा राग करतोस." त्या म्हणाल्या. "तीस वर्षं माझ्याच डोळ्यांवर माझा विश्वास नव्हता रे. शिकवा म्हणून पोरं दारात यायची, मी परत पाठवायचे."

राडोयला रडू आवरेना.

"भाषण मी वाचणारच," त्या म्हणाल्या. "बाई खाणीत उतरली की अपघात होतो म्हणत तुम्ही मला बोगद्याच्या तोंडाशी अडवलंत. आणि एवढी शिकलेली मी, मुकाट्याने थांबले. अकरा वर्षं! एकदा आत जाऊन भिंत पाहिली असती तर? ही चूक माझीच आहे."

"मग माझी मी सांगतो. सगळ्यांसमोर."

"सांग. मी वाट बघेन."

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. नेदाबाईंनी कुणाचं नाव घेतलं नाही. "मी आत जायला हवं होतं, गेले नाही. मला माफ करा," एवढं वाचून त्यांनी कागद मिटला. कुणालाच काय करावं ते सुचेना.

तिसऱ्या रांगेत राडोय खुर्चीला धरून उभा राहिला. म्हातारा बाईंच्या मानासाठी उठला असं वाटून शेजारचा उठला, मग रांग उठली, मग सगळं सभागृह. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"ते दगड मी..." राडोय म्हणाला. शेजारच्यालाही ते ऐकू गेलं नाही.

नेदाबाई मंचावरून त्याच्याकडेच बघत होत्या. त्याने तोंड मिटलं. मग त्यानेही टाळ्या वाजवायला सुरुवात केली.