तोडणीचा आठवडा

आमच्या ह्यांनी उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला. कुठल्याही इमारतीत शिरले की आधी वर बघायचे, मग समोरच्या माणसाकडे. असा माणूस निवृत्त होऊन बागेत हात घालणार तो कसा, हे मला ओळखता यायला हवं होतं. मी आपली टोमॅटो-मिरचीची रोपं येतील म्हणून वाट बघत होते. हे घेऊन आले लोखंडी खांब, दोर आणि कप्प्या. उन्हाच्या बाजूच्या भिंतीलगत छपराच्याही वर जाणारा सांगाडा उभा राहिला, तेव्हा शेजारीण विचारून गेली, काय हो, वर कोणाला चढवणार आहात?

वर चढणार होती हॉप्सची वेल. बिअरला कडवटपणा आणि वास येतो तो हिच्या फुलांमुळे. फुलं कसली, हिरवी कागदी बोंडंच ती, एकावर एक पाकळ्या बसवलेली. आता गंमत अशी, की आमच्या घरात बिअर पिणारं कोणी नाही. हे तर लग्नाकार्यातही सरबतावर भागवतात. तरी वेल कोणासाठी लावली ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. विचारलं तर म्हणाले, भिंतीला सावली होईल.

बिअर आमचा मुलगा बनवतो. म्हणजे बनवायचा. त्याला ह्यांनीच आपल्या कंपनीत चिकटवलं होतं, काम हाताला बसलंही होतं; पण त्याचं मन त्यात नव्हतं. एक दिवस त्याने नोकरी सोडली, एका मित्राला भागीदार घेतलं आणि गाड्या धुण्याच्या सेंटरमागची शेड भाड्याने घेऊन तिथे बिअरची भट्टी टाकली. उद्घाटनाला सगळी माणसं जमली होती, सुनेचे आईवडीलही होते. पोराने पहिला ग्लास भरला आणि बापापुढे धरला. पिऊ नका, नुसता वास घ्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

हे म्हणाले, "लोकांना वर-खाली न्यायचं काम सोडलंस आणि लोकांना आडवं करायचं काम धरलंस."

माणसं हसली. ह्यांनाही वाटलं, काय झकास बोललो. पोराने ग्लास मुकाट्याने टेबलावर ठेवला आणि त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं संपलं. भांडण म्हणावं तर तेही नाही. फोन वाजला आणि ह्यांनी उचलला, की तिकडून "आई आहे का?" आणि इकडून "देतो." एवढ्यावर दोघांचं भागायचं.

पुढच्या वर्षी थंडी ओसरल्यावर ह्यांनी कुठल्याशा रोपवाटिकेतून हॉप्सच्या मुळाचे बोटभर लांबीचे तुकडे आणले आणि भिंतीशी पुरले. मग कोंब आले. सगळे कोंब ठेवायचे नसतात, एका दोराला दोन-तीनच, बाकीचे खुडायचे, हे ते मला असं समजावून सांगायचे की जणू मीच लावणार होते. कोवळे शेंडे दोराभोवती वळवून द्यायचे आणि तेही एकाच दिशेने. मी एकदा प्रेमाने एक शेंडा उलटा गुंडाळला, तर सकाळपर्यंत त्याने स्वतःला सोडवून घेतलं होतं. म्हटलं, ही वेल आमच्याच घरातली दिसते.

पहिलं वर्ष मुळं धरण्यातच गेलं. दुसऱ्या वर्षी थोडी बोंडं आली. ह्यांची युक्ती अशी, की शिडीवर चढायची गरज नाही. कप्पीवरून दोर सैल केला की सबंध वेल हळूहळू खाली येते, बोंडं तपासायची आणि परत वर चढवायची. हे रोज संध्याकाळी वेल खाली आणायचे. बोंड दोन बोटांत दाबायचे, कानाशी नेऊन त्याची कुरकुर ऐकायचे, उकलून आतली पिवळी पूड नाकाशी धरायचे. मग वेल वर. तोडत मात्र नव्हते.

मी म्हटलं, तयार झालीत ना, मग द्या नेऊन त्याला. म्हणाले, "मी का नेऊ? गरज त्याची आहे. येईल."

"अडला हरी येईल म्हणून बसलाय खरे," मी म्हटलं, "पण मग गाढव कोण ठरतं, त्याचा विचार केलात का?"

ह्यांनी वेल परत वर चढवली. त्या वर्षी मीच ह्यांच्या झोपेच्या वेळात टोपलीभर बोंडं तोडली आणि शेडवर घेऊन गेले. हाताला त्या वेलीचे ओरखडे उठून आग होत होती. पोराने एक बोंड उचललं, चुरगाळलं, नाकाशी नेलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, सुटला प्रश्न. मग त्याने विचारलं, "बाबांनी पाठवली?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्याने लगेच ह्यांना फोन लावला असता, आणि ह्यांनी मला उघडं पाडलं असतं. मी म्हटलं, मी आणली. त्याने ते बोंड परत टोपलीत ठेवलं. म्हणाला, "त्यांनी फक्त म्हणू दे, ये आणि घेऊन जा. मी धावत येईन." मी टोपली परत आणली. ह्यांना कळलं, पण ब्र काढला नाही. एकाच माळेचे मणी दोघं, आणि मध्ये दोरा मी.

तिसऱ्या वर्षी वेल जी पिसाटली, ती छपराच्या वर जाऊन उलटी खाली लोंबायला लागली. बोंडांचे घोसच्या घोस. खिडकी उघडली की वास घरभर. शेजारीण फोटो काढून गेली. आणि तिकडे पोराची भट्टी मोडायला आली होती. बिअर चांगली होती म्हणे, पण चांगली असणं निराळं आणि खपणं निराळं. शेडच्या मालकाला जागा परत हवी होती, भागीदाराला दुसरीकडे काम मिळालं होतं. पोराने मला फोनवर सांगितलं, की आता शेवटचा एक घाणा काढणार आणि टाळं लावणार. मी विचारलं, कधी? म्हणाला, पुढच्याच्या पुढच्या आठवड्यात.

मी तशीच बागेत गेले. हे वेल खाली घेऊन उभे होते. मी सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही. शेवटचा घाणा, मग शेड बंद, मग ही वेल आणि ही बोंडं कोणाच्याच कामाची नाहीत. ताजी हॉप्स तोडल्या दिवशीच उकळीत पडावी लागतात, हे मला तुम्हीच सांगितलंय. त्याला एक फोन करा. दोन शब्द.

ह्यांनी हातातलं बोंड दाबून बघितलं. मग म्हणाले, "शेवटचं आहे म्हटल्यावर तोच करेल फोन."

"आणि नाही केला तर?"

"करेल गं. आठवडा आहे अजून."

वेल परत वर गेली. तो आठवडा मी विसरणार नाही. हे रोज वेल खाली आणायचे, तपासायचे, आणि फोन ज्या खिडकीत ठेवलेला असतो त्या खिडकीकडे बघायचे. मी पोरालाही फोन करून सांगितलं, अरे, तू तरी कर. तो म्हणाला, मी तीन वर्षांपूर्वी ग्लास पुढे केला होता, आता त्यांची पाळी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर दोन सुंभ. मला दोघांच्याही कानशिलात द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी दोघांना पोटाशी धरून रडावंसंही वाटलं.

मग ऊन तापलं, दोन दिवस कोरडा वारा सुटला. बोंडांच्या कडा तपकिरी झाल्या. पाकळ्या उघडून आल्या, आतली पिवळी पूड नारिंगी पडली आणि वास पालटला. न धुतलेले पायमोजे असतात ना, तसा. शेवटच्या घाण्याच्या दिवशी सकाळी ह्यांनी वेल खाली आणली, एक बोंड उकललं, पण नाकाशी नेलं नाही. पाण्याचा नळ तसाच वाहत होता, तो बंद करायचंही भान त्यांना नव्हतं.

मला वाटलं, आता संपलं. पण हे घरात आले, कपाटातून उशांचे धुतलेले अभ्रे काढले आणि सगळी वेल बुडापासून कापून आडवी घातली. दुपारपर्यंत आम्ही दोघं बोंडं तोडत होतो. मी एकदाच म्हटलं, अहो, हे वरातीमागून घोडं आहे. म्हणाले, "माहीत आहे मला. तू तोड."

शेडमध्ये मोठ्या पातेल्याला उकळी फुटली होती. भागीदार तागडीत विकतच्या हॉप्सच्या गोळ्या मोजत होता. आम्हाला दारात बघून पोराच्या हातातला झारा तसाच राहिला. हे आत गेले आणि गच्च भरलेले अभ्रे त्याच्यापुढे ठेवले.

"बागेतली आहेत," हे म्हणाले. "जरा उशीर झाला."

पोराने गाठ सोडली. हात आत घालून मूठभर बोंडं बाहेर काढली. त्याला वासावरून सगळं समजतं, तो त्याचा धंदाच आहे. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. भागीदार जवळ आला आणि वास घेऊन पोराच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. शेवटचा घाणा होता तो. नेहमीच्या गिऱ्हाइकांनी बाटल्या आधीच सांगून ठेवल्या होत्या.

"चालतील," पोरगा म्हणाला. अभ्रा उचलला आणि पातेल्यात उपडा केला. मग दुसरा. मग तिसरा.

हे वाफेसमोर उभे राहिले. हळूहळू त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. हा नळ कशाला, इथे गळतंय ते का नीट केलं नाहीस, पाना आण. पोराने पाना आणून दिला. बाप गुडघ्यावर बसून नट आवळतोय आणि लेक दिवा धरून उभा आहे, हे मी इतक्या वर्षांनी बघत होते. पुढल्या शनिवारी ती शेड रिकामी करायची होती.

महिन्याभराने पोरगा एक खोकं घेऊन घरी आला. एव्हाना तो परत लिफ्टच्या कामावर लागला होता, दूरच्या गावी, तिथेच खोली घेऊन राहणार होता. ह्यांचंच म्हणणं खरं झालं म्हणायचं, पण ह्यांच्या तोंडावर त्याचा आनंद औषधालाही नव्हता. त्याने बाटली उघडून ग्लास भरला. मी एक घोट घेतला आणि पदराआड तोंड वाकडं केलं. कडू म्हणून नव्हे, नासक्या वासाने. ह्यांनी, ज्यांनी आयुष्यात कधी थेंबाला शिवलं नव्हतं, ग्लास तळापर्यंत रिकामा केला. "छान झालीय," म्हणाले. पोरगा म्हणाला, लोकांनाही आवडली बाबा, सगळी संपली. कोणाच्या बागेतली हॉप्स, म्हणून विचारत होते.

तो गेल्यावर हे खोक्यातल्या उरलेल्या बाटल्यांकडे बघत बसले.

"एवढ्याच ठेवल्या असतील त्याने," ते म्हणाले. "बाकीची सगळी ओतून दिली ना?"

सुनेने मला तसंच सांगितलं होतं. मी रिकामा ग्लास उचलला.

"ओतायलाच हवी होती. अशी बिअर कोणाला देणार?" ह्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. "बोंडं नासलेली आहेत हे त्याला कळलं होतं गं. तरी पातेल्यात टाकताना जरा म्हणून मागेपुढे पाहिलं नाही त्याने. आणि मी ती चांगली असताना भिंतीवर टांगून ठेवली."