भिंतीकडची बाजू

आईची रेकीची खोली म्हणजे घरातली मागची, सगळ्यात लहान खोली. एक उंच, अरुंद पलंग, रोज धुतलेली चादर, एक स्टूल आणि दर तीन मिनिटांनी किणकिणणारं छोटं घड्याळ. जागा एवढीशी, की पलंग भिंतीला चिकटवल्याशिवाय दार उघडत नसे. येणारा माणूस खिडकीकडे डोकं करून उताणा झोपायचा. त्याची डावी बाजू आईकडे, उजवी भिंतीकडे.

आई तीस वर्षं टायपिंगच्या नोकरीत होती. निवृत्तीनंतर रेकी, म्हणजे हात ठेवून बरं करायची जपानी विद्या, शिकली आणि दीक्षा घेतल्यावर आठवड्याभरात तिच्या तळहातांत मुंग्या यायला लागल्या. त्या दिवशी ती इतकी खूश होती, की मी पास झाले तेव्हाही तेवढी झाली नसेल. बाबा म्हणाले, "हातात एवढी ऊर्जा आली आहे, तर इस्त्री तेवढी करून टाकत जा. वीज वाचेल."

"तुम्ही हसा," आई म्हणाली. "तुमचे गुडघे दुखले की याल."

बाबा तिच्याकडे गेलेच. गुडघे दुखायचे थांबले नाहीत, पण त्या पलंगावर त्यांना झोप फार छान लागायची.

नवीन माणूस आला, की आई आधी गोष्ट सांगायची. जपानमधले एक गृहस्थ शंभरएक वर्षांपूर्वी डोंगरावर जाऊन एकवीस दिवस उपाशी बसले. समोर एकवीस खडे, दिवसाला एक फेकायचा. शेवटच्या दिवशी डोक्यात लख्ख उजेड शिरला. उतरताना ठेच लागून अंगठ्याचं नख उखडलं, त्यावर हात ठेवला तर रक्त थांबलं. पुढे नौदलातून निवृत्त झालेल्या त्यांच्या एका शिष्याने दवाखाना काढला आणि हात कुठे, कसे ठेवायचे ते बसवून दिलं. आई हे सगळं "असं सांगतात हं" म्हणून सांगायची. खोटं बोलणाऱ्यांतली ती नव्हतीच.

"एकवीस दिवस उपाशी राहिल्यावर ठेच लागेल नाहीतर काय!" शिवणवाल्या काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "मी एक वेळ जेवले नाही तर सुई बोटात घुसते."

काकू कोपऱ्यावरच्या दुकानात शिवण करायच्या. एकट्या राहायच्या. तोंडात टाचण्या धरून त्या इतकं सहज बोलायच्या, की टाचण्या काढल्यावरच अडखळतील असं वाटायचं. पाठ भरून येते म्हणून आल्या आणि आईचा हात त्यांच्या छातीच्या उजव्या बाजूवर थांबला. मुंग्या, मग ठणका. आजार हाताला कळतो, त्याला जपानी लोक ब्योसेन म्हणतात. आधी ऊब, मग उष्णता, मग मुंग्या, मग कळ. हात शांत होईपर्यंत तिथून हलवायचा नाही, अशी शिकवण.

आईने मात्र हात उचलला आणि म्हणाली, "बाई, उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा. औषध सोडून माझ्याकडे यायचं नाही, माझ्याबरोबर घ्यायचं."

गाठ निघाली. बोराएवढी. वेळेवर निघाली असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं, पुढची सगळी औषधं झाली, काकूंचे केस गेले आणि परत आले, कुरळे. तेव्हापासून त्या दर गुरुवारी यायच्या आणि सहा महिन्यांनी दवाखान्यात तपासणीला जायच्या. "मशीन नंतर सांगतं. ताईंचा हात आधी सांगतो," असं गिऱ्हाइकांना ऐकवायच्या. आईचा हात त्या बाजूवर गेला, की दर गुरुवारी थोड्या मुंग्या यायच्याच, आणि दर सहा महिन्यांनी काकू घाबरून, वेळेच्या आधी तपासणीला हजर व्हायच्या.

माझी मुलगी चार महिन्यांची असताना आईच्या हातातून निसटली. खाली गादी होती म्हणून निभावलं. बाळ उलट हसलं. आई मात्र भिंतीला टेकून बसली आणि आपल्या बोटांकडे बघत राहिली. "कळलंच नाही गं मला. धरलंय की नाही, तेच कळलं नाही."

मीच तिला ओढत डॉक्टरकडे नेलं. त्यांनी मनगटावर टिचक्या मारल्या, हात वाकवून धरायला लावला.

"मुंग्या येतात?"

"येतात. पण त्या वेगळ्या," आई म्हणाली.

"कधीपासून?"

"सहा वर्षं."

"नस दाबली गेली आहे. टायपिंग करणाऱ्यांना होतं हे. मनगट वाकवून एका जागी धरलं, की जास्त होणार. ऑपरेशन करू, मुंग्या जातील."

घराच्या दारात आई म्हणाली, "त्यांना ऊर्जेचं काय कळतंय." पण बाळासाठी तिने दोन्ही मनगटांचं ऑपरेशन करून घेतलं. अगदी बाळासाठीच.

टाके सुकल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी काकू आल्या. मी बाहेर दुपटी घडी करत होते. आतून घड्याळाची किणकिण ऐकू येत होती. मग आईचा आवाज आला.

"शांत आहे."

"म्हणजे?"

"काही नाही गं तिथे. दोन वर्षांत पहिल्यांदा. अगदी स्वच्छ."

काकू रडत बाहेर आल्या. माझ्या मुलीचा पापा घेतला, तिचा गाल ओला करून टाकला. आई मागून ओरडली, "तपासणी चुकवू नकोस हं!" आणि काकू "हो हो" म्हणत पायऱ्या उतरल्या. ते "हो हो" कसं असतं, ते मला माहीत आहे. मी आईला तसंच म्हणते.

त्या आठवड्यात आणखी तिघं आली. तिघांचीही उजवी बाजू शांत. "ऑपरेशनने माझा हात निवळला," आई म्हणाली. बाबांनी वर्तमानपत्रावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाचायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळाला पाजायला मी त्या खोलीत गेले, कारण तिथे आवाज येत नाही. स्टुलावर बसले. पाजता पाजता मोकळा हात पलंगावरून पलीकडे, भिंतीकडच्या उशीवर टेकवला. नीट टेकत नव्हता. मनगट मागे मुरगळल्यासारखं वाकवावं लागत होतं. बाळाचं पोट भरेपर्यंत मी तशीच बसले. बोटांना मुंग्या आल्या. मी हात अलीकडे, झोपणाऱ्याची डावी बाजू येते तिथे घेतला. मनगट सरळ झालं. मुंग्या गेल्या.

सहा वर्षं सगळ्यांचीच उजवी बाजू बिघडलेली होती. भिंतीकडची.

मग काकूंची गाठ? ती होतीच तिथे. हात योगायोगाने तिच्यावर वाकला होता, एवढंच.

बाळ मांडीवर झोपून गेलं होतं. आई बाहेर फोनवर कुणाला तरी सांगत होती, "कुणाला विश्वास बसणार नाही, पण..." तिचा आवाज वीस वर्षांनी तरुण झाला होता.

तेव्हाच उठून सांगायला हवं होतं.

रेकीत रोज सकाळी म्हणायची पाच वाक्यं असतात. आई ती बाळाला मांडीवर घेऊन म्हणायची: आजच्यापुरतं रागावू नकोस. आजच्यापुरती काळजी करू नकोस. मला ती सोयीची पडली. आजच्यापुरतं राहू दे, उद्या सांगू. काकू शहाण्या आहेत, तपासणीला जातीलच. आई दुपारी दोन तास बाळाला घेते म्हणून मी माणसात आहे, ती खचली तर माझं कसं होईल, हेही मनात होतं. ते लपवून काय करू? असे अडीच महिने गेले. आजच्यापुरते, आजच्यापुरते.

मग मुलीच्या झबल्याचं माप द्यायला मी काकूंच्या दुकानात गेले. त्या उठल्या त्या टेबलाला धरूनच.

"काय झालं काकू?"

"कंबर. शाळेचे गणवेश आलेत ना, बसून बसून धरली. हिच्या आजीने बाकी सगळं साफ सांगितलंय, आता कंबरेला हात लावायला सांगते."

"तपासणी झाली?"

"जाईन गं. घाई काय आहे?" त्यांनी टेप मुलीच्या छातीभोवती गुंडाळली. "ही तर गुटगुटीत झाली! बघ, मागच्यापेक्षा दोन बोटं जास्त."

मी सांगून टाकलं. तिथेच, कापडाच्या ढिगासमोर. पलंग, भिंत, मनगट, नस. त्यांनी टेप काढली नाही, तशीच धरून ऐकत राहिल्या. मुलगी टेपचं टोक चावत होती.

"म्हणजे हात शांत झाला, तो ताईंचा," त्या म्हणाल्या. "माझं काही शांत झालं नाही."

"उद्याच जाऊ. मी येते बरोबर."

"तू बाळाला बघ. मी जाईन."

तपासणीत कळलं, रोग हाडात उतरला होता. कंबरेच्या मणक्यात, खुब्यात. अडीच महिने आधी कळलं असतं तर? मी डॉक्टरांना विचारलं. "तसं कुणालाच सांगता येणार नाही," ते म्हणाले, आणि पुढच्या पेशंटची फाईल उघडली.

आईला मी घरी येऊन पलंगाचं, मनगटाचं सांगितलं. ती स्टुलावर बसली, हात पलीकडे टेकवला, मनगट वाकलेलं बघत राहिली. तिने माझ्यावर आवाज चढवला नाही. बाबांना हाक मारून म्हणाली, "अहो, हा पलंग बाहेर काढा." मग तोंड धुतलं, साधी साडी नेसली आणि म्हणाली, "चल. मी तिच्या तोंडावर सांगणार. माझी चूक आहे, तर मी सांगायला हवं."

वॉर्डात सहा खाटा होत्या. काकूंची दाराजवळची. दुकानात भेटल्याला दोनच आठवडे झाले होते, तेवढ्यात त्या अंथरुणाएवढ्याच उंच उरल्या होत्या. आई पायाशी उभी राहिली, हात पदरात लपवून.

"बाई, मी तुला खोटं सांगितलं."

"तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं, ताई?" काकू म्हणाल्या. "तुम्हाला जे वाटलं ते सांगितलंत."

मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली. हळूहळू, हाडं दुखत असणार.

"तुला केव्हा कळलं?"

मुलगी माझ्या खांद्यावर झोपली होती. मला खोटं बोलता आलं असतं.

"तुम्ही रडत बाहेर आलात ना," मी म्हटलं, "त्याच आठवड्यात."

शेजारच्या खाटेवरची बाई सलाईनच्या नळीकडे बघत होती, ऐकत होती. आई माझ्याकडे बघत होती. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

"ताई, तुम्ही बसा," काकू म्हणाल्या. "हात नका लावू काही. नुसत्या बसा." आणि मग, माझ्याकडे न बघता, "पोरीला इथे आणू नये गं, दवाखान्यात. बाहेर थांब तू."

आईने स्टूल ओढलं. मी मुलीचं डोकं सावरलं आणि बाहेर आले. दार आपोआप बंद होणारं होतं. ते बंद झालं.