दुभाष्याच्या पदरचं वाक्य

"सांगा त्यांना," मंत्री म्हणाले, "धरणाचा पुढचा टप्पा आम्ही दुसऱ्यांना देतोय."

दुभाष्यानं सांगितलं. टेबलापलीकडचे परदेशी मुख्य अभियंते मान न हलवता ऐकत राहिले. त्यांच्या शेजारी बसलेली त्यांची दुभाषी बाई मात्र खिडकीबाहेर बघत होती. तिला भाषांतराची गरज नव्हती. मंत्र्यांचं बोलणं तिला आधीच कळलं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला दुभाष्यानं पाहिला होता.

जुने राज्यकर्ते गेल्यापासून दुभाष्याच्या देशाला मोठमोठ्या घरची स्थळं सांगून येत होती. एकानं धरण बांधायला घेतलं, तर दुसऱ्यानं बंदर देऊ केलं. एकानं दवाखाना दिला की दुसरा विमानतळाचा नकाशा घेऊन हजर. दुभाष्याची वहिनी तर जेवण वाढताना हटकून म्हणायची, "देशाला दोन-दोन स्थळं, आणि आमच्या भावजींकडे कुणी ढुंकून बघत नाही!" भाऊ हसायचा. दुभाषाही हसायचा, कारण खरं काय ते सांगायची सोय नव्हती.

खरं म्हणजे धरणाचं काम सुरू झालं तेव्हापासून त्याचा जीव त्या बाईत अडकला होता. पण दोन्ही सरकारांचा नियम कडक, दुभाष्यांनी बाहेर भेटायचं नाही. बैठकीत बोलावं, तर इथल्या भाषेत मंत्री ऐकणार, तिच्या भाषेत अभियंते. दोघांना दोन्ही भाषा येत होत्या आणि कुजबुजायला एकही उरली नव्हती.

वाट तिनंच काढली. एकदा सिमेंटवरून घासाघीस रंगली होती. अभियंत्यांचं म्हणणं मंत्र्यांना सांगता सांगता तिनं पदरचं एक वाक्य घुसवलं, "आज नदी किती छान दिसतेय." अभियंते नदीबद्दल अवाक्षरही बोलले नव्हते, हे त्या खोलीत फक्त दुभाष्याला कळलं. मंत्र्यांचं उत्तर सांगताना त्यानंही भर घातली, "पलीकडच्या काठावरून आणखी छान दिसते." तेव्हापासून रीतच पडली. दर बैठकीत प्रत्येकाचं एकच वाक्य, कुणाचं काही न बिघडवणारं. मंत्री गाडीत बसताना म्हणायचे, "हा अभियंता भारी हळवा बुवा! सळयांच्या भावात मध्येच चिमण्यांचं काढतो." तिकडे मंत्र्यांबद्दलही असंच काहीतरी बोललं जात असणार.

आजची बैठक शेवटची. सकाळी दाढी करताना त्यानं आपलं वाक्य जुळवून ठेवलं होतं: तुमच्याबरोबर काम करून आनंद वाटला. कुणाला खटकू नये असं.

मंत्री उरकायच्या घाईत होते. दुसऱ्या देशाची माणसं पलीकडच्या दालनात येऊन बसलीसुद्धा होती. "आभार माना यांचे," ते म्हणाले. "आणि यंत्रं महिनाअखेरीला हलवा म्हणावं."

दुभाष्यानं आभार मानले. यंत्रांचं सांगितलं. मग जुळवलेलं वाक्य कुठं गेलं कोण जाणे.

"जाऊ नका," तो तिच्या भाषेत म्हणाला. "थांबा अजून."

बोलून गेला आणि मग त्याला कळलं. हे नदीचं कौतुक नव्हतं. मंत्र्यांच्या नावावर त्यानं सरकारचा निर्णय फिरवला होता.

अभियंते ताडकन सरळ बसले. "थांबायचं? म्हणजे अजून विचार होऊ शकतो?" त्यांनी आपल्या भाषेत विचारलं. इतक्या वर्षांच्या कामासाठी त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर एकदम आशा आली. ती बघून दुभाष्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता बाई हे जसंच्या तसं सांगणार, आणि मंत्री विचारणार, यांना थांबा म्हणालं कोण? नोकरी तर जाणारच होती, पुढचं त्याला सुचेना.

बाईनं एकदा दुभाष्याकडे पाहिलं. मग मंत्र्यांकडे वळून इथल्या भाषेत शांतपणे म्हणाली, "साहेब विचारतात, महिनाअखेरीनंतर थोडे दिवस थांबता येईल का?"

"आवराआवरीला? छे!" मंत्र्यांनी घड्याळ पाहिलं. "एक दिवससुद्धा नाही. सांगा त्यांना."

तिनं त्याला वाचवलं होतं. पण आता 'नाही' म्हणायचं काम त्याच्याकडेच आलं होतं, आणि तेही तिच्या भाषेत.

"नाही," तो म्हणाला. बघायला हवं होतं अभियंत्यांकडे, पण नजर तिच्याकडे गेली. "एक दिवससुद्धा नाही."

अभियंत्यांनी फाइल मिटली. "ठीक आहे," एवढंच ते बोलले आणि उठले.

"साहेब म्हणतात, ठीक आहे," बाईनं मंत्र्यांना सांगितलं. तिचं आजचं वाक्य अजून बाकी होतं. तेही तिनं सांगून टाकलं. "थांबायला फार आवडलं असतं."

मंत्र्यांच्या मनाला ते भिडलं असावं. पुढे होऊन त्यांनी अभियंत्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. दुभाषा त्यांच्या मागे उभा होता, रिवाजाप्रमाणे हात पाठीशी बांधून.